स्वेच्छेने मिळालेले पूल-पदक

खराडीच्या अंगाला मुळा-मुठेवर बांधलेला नवा पूल ऐतिहासिक आहे, हे त्याचा पहिला खांब उभा राहण्याआधीच ठरले होते. तसा रीतसर ठराव झाला होता. एखादी वास्तू आपोआप जुनी होऊन ऐतिहासिक ठरेल म्हणून वाट पाहत बसले, तर मधल्या काळात ती पडते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. म्हणून या खेपेला शहर पूल गौरव समितीने आधीच काळजी घेतली. मी या समितीचा चिटणीस. राहणार नारायण पेठ. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे काही लोकांनी त्यावरूनही बोट दाखवले.

समितीचे काम एकच होते. पूल बांधणे हे अभियंत्यांचे काम, त्यावर खोळंबणे हे जनतेचे काम आणि त्याच्या उद्घाटनाचे चांदीचे पदक काढणे हे आमचे. साहेबाच्या राज्यात पूल झाला की पदक पाडत. साहेब गेला, पदके संग्राहकांच्या कपाटात गेली, आणि स्वातंत्र्यानंतर आपण पुलांमागून पूल बांधले तरी एकाचेही धड पदक नाही, ही खंत आमचे अध्यक्ष माधवराव आगटे यांना झोपू देत नव्हती. दुपारीसुद्धा.

पदकाचा ठसा कोरण्याचे काम रविवार पेठेतल्या मन्सूरभाईंकडे दिले. त्यांच्या घरात हे काम आजोबांपासून चालत आलेले. पदकाच्या एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला समितीचे नाव, आणि कडेवर मानकऱ्याचे नाव व त्याच्या कार्याचा त्रोटक उल्लेख, असा आराखडा मंजूर झाला. मानकऱ्यांची निवड माधवरावांनी स्वतः केली. त्यात कसलाही पक्षपात नव्हता. सगळे मानकरी नारायण आणि सदाशिव पेठेतले असले तरी त्यांची क्षेत्रे वेगवेगळी होती. एक जण पूल या विषयावर व्याख्याने देत. दुसऱ्यांनी या पुलाला कडाडून विरोध केला होता, पण अत्यंत अभ्यासपूर्ण. तिसरे माधवरावांचे साडू होते. यांपैकी खराडीला कोणीच गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांची मते पूर्वग्रहापासून मुक्त होती.

सगळे सुरळीत चालले असताना एका वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र आले. "पूल नदीपलीकडच्यांसाठी आणि पदके अलीकडच्यांना, हे कसे?" खाली सही, "एक नागरिक." पुण्यात कोर्टाच्या नोटिशीला कोणी घाबरत नाही, पण "एक नागरिक" म्हटले की भल्याभल्यांच्या हातातला चहा निवतो. तातडीची बैठक बसली.

"एखादा स्थानिक माणूस घ्यावा लागेल," माधवराव म्हणाले. "साधा असावा, निर्व्यसनी असावा आणि मुख्य म्हणजे भाषण करणारा नसावा."

असा माणूस मीच शोधला. संपत भाडळे. पुलाचा जोडरस्ता जिथून काढायचा होता, तिथेच नेमकी त्याची पिठाची गिरणी होती. त्या ओळीतली सगळीच दुकाने हटवायची होती. शेजारच्या मच्छिंद्रचे पंक्चर काढण्याचे दुकान होते. मोजणीची माणसे आली तेव्हा त्याने उतारावरून त्यांच्या अंगावर ट्रकचे टायर सोडले. संपतने त्याच माणसांना पाणी दिले, घोंगडी अंथरून बसवले आणि सांगितलेल्या तारखेला गिरणी बंद केली. दगड उतरवले, मोटर उतरवली आणि घराच्या ओसरीत ताडपत्री घालून ठेवली. हे सगळे त्याने एका शब्दावर केले. नव्या बाजारात गिरणीसाठी गाळा मिळेल, थ्री-फेजच्या जोडणीसकट, असे त्याला पुनर्वसन कक्षाने सांगितले होते. गावाच्या चार पिढ्यांचे दळण दळणारी ती गिरणी, आणि संपत व त्याची बायको प्रेमला यांचे पोट तिच्यावर. पण हा भाग आमच्या कार्यकक्षेत येत नव्हता, म्हणून आम्ही त्याची चर्चा केली नाही.

मन्सूरभाईंकडे मी मजकूर घेऊन गेलो. त्यांनी पट्टी लावून कड मोजली.

"साहेब, 'संपत भाडळे, स्वेच्छेने त्याग' एवढं कडेवर बसत नाही. एक शब्द काढावा लागेल. 'स्वेच्छेने' काढतो. अर्थ राहतो."

मी विचार केला. त्याग काय, कोणीही करतो. परिस्थितीने मेटाकुटीला आलेला माणूसही करतो. समितीला अभिप्रेत होती ती भावना.

"स्वेच्छेने राहू द्या," मी म्हणालो. "त्याग काढा."

मन्सूरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मर्जी आपली. पण या माणसानं स्वेच्छेनं काय केलं, ते कुणाला कळायचं नाही."

"ते समारंभात सांगू."

समारंभ फार देखणा झाला. पुलावर मांडव घातला होता, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी पुलावरून कोणाला जाता आले नाही. संपतला फेटा बांधला. चांदीचे पदक गळ्यात पडले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला खरोखर बरे वाटले. गरिबाला आनंद देण्यात एक वेगळेच समाधान असते, आणि ते आम्हाला प्रथमच मिळत होते. माधवरावांनी तासभर संपतच्या निरपेक्षतेवर भाषण केले. संपतच्या गिरणीची जागा कोठे होती हे त्यांनी हाताने दाखवले, ती दिशा चुकीची होती, पण लोकांनी माना वळवून पाहिले.

कार्यक्रम संपल्यावर प्रेमलाबाई मला गाठून म्हणाल्या, "सायेब, समदं झ्याक झालं. आता गाळा कवा?"

"तो विभाग वेगळा, बाई," मी म्हणालो. "आजच्या मंगल दिवशी असले विषय नकोत."

दुसऱ्याच आठवड्यात संपत पुनर्वसन कक्षात गेला. जाताना पदक गळ्यात घालून गेला. काम लवकर होईल अशी त्याची समजूत. तिथले प्रमुख श्रीनिवास बोधे हे अत्यंत नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी पदक हातात घेतले, उजेडाकडे धरले, कड फिरवत फिरवत वाचली आणि संपतला बसायला खुर्ची दिली. सरकारी माणसाने आपण होऊन खुर्ची दिली की काम होणार नाही हे समजावे. संपतला ते ठाऊक नव्हते.

संध्याकाळी नवराबायको माझ्या दारात उभी. बोलत होत्या त्या प्रेमलाबाईच. संपत पदकाच्या फितीशी चाळा करत मागे उभा होता.

"तुमचा त्यो बोधे म्हनतो, गाळा बाधितास्नी मिळतो. ज्येंची जागा घेतली त्ये बाधित. आमची कुनी घेतलीच न्हाई म्हनं. आमी दिली. सोताहून. तसं चांदीवर लिवलंय."

"मग बरोबरच आहे," मी म्हणालो.

"काय बरुबर हाय?"

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. बाधित आणि गौरवप्राप्त हे दोन स्वतंत्र प्रवर्ग आहेत. एकच मनुष्य एकाच कारणासाठी दुःखी आणि सन्मानित असू शकत नाही, नाहीतर कारभार चालणार कसा? मच्छिंद्रने टायर सोडले, म्हणजे त्याची जागा देण्याची इच्छा नव्हती, म्हणजे तो बाधित. त्याला गाळा मंजूर झाला आहे. संपतरावांनी पाणी दिले.

"म्हंजी आमी बी टायर सोडायला पायजे हुते?"

"आपल्याकडे टायर नव्हते, बाई. आपली गिरणी होती."

प्रेमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "काडा ते गळ्यातलं. द्या सायबास्नी. नगं आपल्याला."

संपतने निमूट पदक काढले. माझ्या मनाला फार लागले. आयुष्यात मी कोणालाही काही परत करताना पाहिले नव्हते, आणि इथे साक्षात चांदी. पण भावना बाजूला ठेवून मी नियम सांगितला. पदक परत घेण्याची तरतूद नाही. देणे हा समितीचा उद्देश आहे, घेणे हा नाही. एका परिस्थितीत मात्र गौरव रद्द होतो, मानकऱ्याकडून सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन झाले तर.

"मंग कर की गैरवर्तन," प्रेमलाबाई नवऱ्याला एकेरीत म्हणाल्या. रागावल्या की त्या एकेरीवर येत.

संपतचा स्वभाव गरीब. त्याला गैरवर्तन सुचेना. दोन दिवस विचार करून तो मला विचारायला आला. मीच आपुलकीने सल्ला दिला की पुलावरून उलट दिशेने मोटरसायकल घालावी, वाहतूक पोलीस अडवतील, पावती होईल, ती आणून द्यावी. पुलाच्या त्या बाजूला एकेरी वाहतूक होती. बिचारा सकाळीच गेला. तो उलटा गेला म्हणून त्याच्यामागे चार रिक्षा गेल्या. रिक्षा गेल्या म्हणून आयटी पार्कच्या बसा गेल्या. दुपारपर्यंत तो रस्ताच उलटा झाला, आणि जे सुलट येत होते त्यांना लोक अडाणी म्हणू लागले. संध्याकाळी वाहतूक पोलिसांनी व्यवहार्य मार्ग काढून बाणाची पाटी फिरवून लावली. वर्तमानपत्रात बातमी आली, "गौरवप्राप्त नागरिकाच्या पुढाकाराने पुलावरील कोंडी सुटली." माधवरावांनी ती कापून समितीच्या फायलीत लावली.

आता कोणीही म्हणेल की प्रकरण इथे संपले. पण प्रेमलाबाईंसारखी माणसे कारभाराला शिस्त लागू देत नाहीत. त्या एक दिवस बोधेसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मलाही तिथे बोलावून घेतले होते.

"गिरनी दोघांच्या नावावं हाय," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानं मरताना तशी करून दिली. अर्धी ह्येंची, अर्धी माजी. ह्यास्नी पदक दिलं. मला दिलं का?"

बोधेसाहेब थबकले. "नाही दिलं."

"मंग म्या काय सोताहून दिलेलं न्हाई. म्या बाधित हाय."

बोधेसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. मोठे अधिकारी कायदा आठवताना खिडकीबाहेर पाहतात, आणि नसलेला कायदा आठवतानाही. "तत्त्वतः आपलं बरोबर आहे, बाई. म्हणजे गाळ्याचा अर्धा भाग आपल्याला देय होतो. पण अर्धा गाळा देता येत नाही. अर्ध्या गाळ्याला शटर बसत नाही."

"मंग आख्खा द्या."

"अख्खा दिला तर त्यातला अर्धा गौरवप्राप्त व्यक्तीला गेल्यासारखं होईल. ती अनियमितता ठरते."

"म्हंजी काय देनार?"

"विचार करू," बोधेसाहेब म्हणाले, आणि बाई गेल्यावर त्यांनी खरोखरच विचार केला. इतक्या वर्षांत मी त्यांना विचार करताना प्रथमच पाहिले. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज खाली आणला.

"चिटणीस, एक गोष्ट ध्यानात आली का? आपण त्या माणसाला एक पदक दिलं आणि एक गाळा वाचला."

मी म्हणालो, "हो."

"माझ्याकडे त्या ओळीतले सगळे दुकानदार पडून आहेत."

शासनात क्रांती होते ती अशी, दोन माणसांच्या खुर्च्या जवळ आल्या की. पुढच्याच बैठकीत समितीने ठराव केला की पुलाच्या कामी ज्यांच्या जागा गेल्या त्या सर्वांना चांदीचे पदक देण्यात यावे. कार्यालयीन भाषेत याला "गौरवात्मक पुनर्वसन" म्हणतात. हा शब्द माझा आहे. मन्सूरभाईंनी ठसे काढले. नवे काही कोरावे लागले नाही. नाव तेवढे बदलायचे, कडेवरचा उल्लेख तोच.

लोक पदके नाकारतील अशी मला थोडी धास्ती होती. कोणीही नाकारली नाहीत. उलट पहिल्या समारंभाला ज्यांची नावे राहिली ते भांडायला आले. सगळ्यात जास्त भांडला मच्छिंद्र. त्याला गाळ्याचे पत्र मिळालेले होते. किल्ली तेवढी यायची होती.

"त्या संप्याला चांदी आन् मला न्हाई?" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी."

मी सज्जन माणूस आहे. मी त्याला स्पष्ट विचारले, "पदक घेतल्यास गाळ्याचा हक्क राहत नाही. चालेल?"

"गाळ्याचं बघू म्होरं. आधी पदक. आन् फेटा त्याच्यापरीस मोठा बांदा."

फेटा मोठा बांधला. ज्या हातांनी टायर सोडले त्याच हातांनी त्याने माधवरावांना वाकून नमस्कार केला. त्याचे मोठे छायाचित्र त्याने चौकात लावले, आणि त्याच छायाचित्राखाली तो आता रस्त्याकडेला बसून पंक्चर काढतो. नवा बाजार पूर्ण रिकामा राहिला. तो इतका स्वच्छ आणि व्यवस्थित राहिला की त्याला आदर्श बाजार म्हणून पारितोषिक मिळाले.

फक्त प्रेमलाबाईंनी पदक घेतले नाही. समारंभाला बोलावले, त्या आल्या नाहीत. मी पदक घेऊन घरी गेलो, त्यांनी दार उघडले नाही. टपालाने पाठवले, त्यांनी ते परत पाठवले. शेवटी आम्ही त्यांच्या नकळत देण्याचा प्रयत्न केला. त्या हल्ली गावातल्या बायकांचे दळणाचे डबे गोळा करून बसने चंदननगरच्या गिरणीवर नेत आणि दळून आणत. आपली गिरणी ताडपत्रीखाली, आणि दुसऱ्याच्या गिरणीसमोर नंबर लावून उभ्या. आमच्या शिपायाने ज्वारीच्या एका डब्यात पदक टाकले. ते त्यांच्या हाताला लागले. गिरणीवाल्याने सांगितले की बाईंनी ते पदक बाहेर काढले, फुंकर मारून धूळ झाडली, आणि ते इतक्या जोरात भिरकावले की समोरच्या मेडिकलवाल्याच्या काऊंटरवर पडले. नियमानुसार ते त्या मेडिकलवाल्याला मिळाले असे धरावे लागले. त्याचाही आता कुठल्याही गाळ्यावर हक्क राहिलेला नाही.

दरम्यान आमच्या यशाची कीर्ती शहरभर पसरली. इतर विभागांचे लोक भेटायला येऊ लागले. पाणीवाल्यांनी विचारले, ज्या भागात पाणी येत नाही तिथल्या नागरिकांना जलत्यागाचे पदक देता येईल का? रस्तेवाल्यांनी विचारले, ज्यांचे मणके खड्ड्यांनी दुखावले त्यांचे काय? सगळ्यांना आमचाच मार्ग हवा होता. अडचण एकच होती. गौरवास पात्र नागरिकांची संख्या शहराच्या लोकसंख्येएवढी निघाली, आणि एवढी चांदी काही रविवार पेठेत नव्हती. मन्सूरभाईंनी तर ठसाच माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, हा आता तुमच्याकडेच असू द्या. माझ्या वडिलांनी पैलवानांची पदकं केली, शाळेतल्या हुशार पोरांची केली. ज्याला दिलं त्याच्याकडनं काही काढून घेण्यासाठी आमच्या घरात कधी पदक पाडलं नाही."

कलावंत मनस्वी असतात. मी मनावर घेतले नाही.

मार्ग मीच काढला. पदकात महत्त्वाचे काय, चांदी की मजकूर? मजकूर. मग तो मजकूर चांदीवरच कशाला हवा? पत्र्यावर लिहून रस्त्यात उभा केला तर एकाच पदकाने हजारोंचा गौरव होतो. तुम्ही ते फलक पाहिले असतील. "काम चालू आहे. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत." पूर्वीही असे फलक असत, पण ते केवळ सौजन्य होते, त्यामागे काही नियम नव्हता. नियम आम्ही केला. जो नागरिक फलकासमोरून गेला आणि काही बोलला नाही, त्याने सहकार्य केले असे समजावे. ज्याने सहकार्य केले तो गौरवप्राप्त. आणि गौरवप्राप्ताला तक्रार नसते.

नियमाच्या शेवटी हरकतीचे कलमही घातले. कुठल्याही नियमाला हरकतीचे कलम असले की तो लोकशाहीचा दिसतो. जो नागरिक फलकासमोर उभा राहून, तत्क्षणी, मोठ्याने, स्वतःचे नाव सांगून हरकत घेईल, तो बाधित समजला जाईल आणि त्याची मागणी काहीही कापाकापी न करता मान्य करावी लागेल. बोधेसाहेबांना हे कलम धोक्याचे वाटले. मी त्यांना म्हणालो, "साहेब, हे पुणे आहे. इथे माणूस घरी जाऊन पत्र लिहील, ओट्यावर बसून तासभर बोलेल, पण रस्त्यात थांबून मोठ्याने बोलणार नाही. बरं दिसत नाही ते." बोधेसाहेबांनी सही केली.

पहिला फलक अर्थातच आमच्या ऐतिहासिक पुलाच्या तोंडाशी लागला, कारण पुलाचा जोडरस्ता पुन्हा खणला होता. हरकती नोंदवण्यासाठी साक्षीदार म्हणून मी स्वतः उभा राहिलो. सकाळची वेळ. दुचाकी, मोटारी, बसा यांची नदीपर्यंत रांग. प्रत्येक जण फलक वाची, चेहरा आंबट करी आणि पुढे सरके. तासाभरात अर्धे शहर गौरवप्राप्त झाले. मला धन्य वाटत होते.

तेवढ्यात बसमधून प्रेमलाबाई उतरल्या. दोन्ही हातांत पिठाचे डबे. पुढे खड्डा, मागे वाहने, त्यांना जायला वाट नव्हती. त्यांनी फलक पाहिला. डबे खाली ठेवले. रस्त्याच्या मधोमध.

"कुनी केलं सहकार्य?" त्या फलकाला विचारू लागल्या. खरोखर फलकालाच, माझ्याकडे पाठ होती. "म्या न्हाई केलं. कुनी इचारलं हुतं मला? माजी गिरनी बंद पाडली, माज्या नवऱ्याच्या गळ्यात चांदी बांदली आन् त्येचं तोंड बंद केलं. आन् वर आभार मानतूस व्हय रं? म्या देनार न्हाई सहकार्य! आज न्हाई, उद्या न्हाई! मला माजा गाळा पायजे!"

मागची वाहने हॉर्न वाजवू लागली. फलकावर नाही, खड्ड्यावरही नाही, प्रेमलाबाईंवर. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मोटारीची काच खाली करून म्हणाला, "आंटी, साइडला व्हा ना प्लीज, माझा कॉल आहे दहाला. तुमचं काय ते ऑनलाइन कम्प्लेंट करा ना यार." दुसरा एक सभ्य गृहस्थ म्हणाला, "अहो, शिकल्यासवरल्या लोकांना कामं असतात." प्रेमलाबाई हलल्या नाहीत. त्यांचा आवाज चढतच गेला.

मला ते दृश्य सहन होईना. मी पुढे झालो आणि माझ्या हुद्द्याला शोभेल अशा स्वरात विचारले, "कोण आहात आपण? नाव काय आपलं?"

मी त्यांना पुरता ओळखत होतो. पण गर्दीत माणसाला नाव विचारले की तो नरमतो, असा माझा अनुभव.

त्या वळल्या. "प्रेमला संपत भाडळे!" त्या अशा ओरडल्या की पलीकडच्या तीरावरचे बगळे उडाले.

आणि मग माझ्या ध्यानात आले. फलकासमोर, तत्क्षणी, मोठ्याने, नावानिशी. नाव तर मीच विचारले होते.

नियम म्हणजे नियम. मी हरकत नोंदवली. बोधेसाहेबांनी सगळ्या खिडक्यांबाहेर पाहून घेतले, पण कलम माझ्याच हातचे होते आणि त्यात कापाकापीला जागा नव्हती. प्रेमलाबाईंना अख्खा गाळा द्यावा लागला, थ्री-फेजच्या जोडणीसकट. आदर्श बाजारात ती एकच गिरणी आता चालते. दिवसभर भरड आवाज चालू असतो आणि चोहीकडे पीठ उडते, त्यामुळे बाजाराचे पारितोषिक काढून घेण्यात आले. संपत तिथे गहू चाळतो. समारंभांना बोलावले तर येत नाही, दळण खूप आहे म्हणतो. मच्छिंद्र परवा मला भेटला, म्हणाला, "म्या बी आता वरडतो." मी त्याला सांगितले की त्याची मुदत गेली.

बोधेसाहेबांनी हरकतीचे कलम रद्द करायचे म्हटले होते. मी ते करू दिले नाही. एका बाईवरून घाबरून जाण्यात काय अर्थ आहे? तेव्हापासून शहरात शेकडो फलक लागले आणि हरकत म्हणाल तर त्या एकीखेरीज दुसरी आलेली नाही. कलम आजही लागू आहे. कोणीही वापरावे.

परवाच मी कर्वेनगरच्या खणलेल्या रस्त्यावर साक्षीदार म्हणून उभा होतो. आपण आलात. फलकासमोर आपली गाडी चांगली पाच-सहा मिनिटे अडकली होती, त्यामुळे आपण तो नीट वाचलात. रागावला होतात, चेहऱ्यावर दिसत होते. ओठही हलले. मी लेखणी उघडून दोन पावले पुढे आलो, हो, मनापासून सांगतो, एकदा तरी कोणीतरी बोलावे असे मलाही वाटते. पण मागच्याने हॉर्न दिला, आपण गिअर टाकला, मी बाजूला झालो, आणि आपण खड्डा चुकवून पुढे गेलात. जाता जाता वाट करून दिल्याबद्दल माझ्याकडे पाहून मान हलवलीत आणि "थँक्यू" म्हणालात.